सर्दीनंतर चार वर्षांच्या मुलीचा एक डोळा सुजलाय. थेंब घालून दोन दिवस बघू का? हे पुन्हा पुन्हा होतं का?

दोन दिवस कशाला, दोन तासही बघू नका. 'बघू' म्हणणाऱ्या घरातली सून आहे मी, म्हणून लिहायला बसले.

मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. कराडला चुलत सासऱ्यांकडे वास्तुशांत. पोराला दहा दिवस सर्दी, पिवळा शेंबूड. सकाळी उठला तो डावी पापणी टम्म. सासूबाई म्हणाल्या, काहीतरी चावलंय. जाऊबाई म्हणाल्या, रांजणवाडी, लवंग उगाळून लाव. भाऊजींचं मेडिकलचं दुकान, त्यामुळे घरातले डॉक्टर तेच. "डोळे आलेत," म्हणून थेंब दिले. डोळ्याला चिपड नव्हतं, नीट लालही नव्हता. मला खटकलं, पण पाहुण्यांसमोर बोलले नाही. ती चूक माझीच. सर्दीचं काही असेल का, असं हळूच विचारलं, तर "एवढ्या लहान पोरांना सायनस नसतोच!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप 103. डोळा उघडेना. बोटांनी पापणी वर केली तर डोळा पुढे आलेला. 'वर बघ' म्हटलं, उजवा वर गेला, डावा तिथेच. आणि म्हणतो, "आई, तू दोन आहेस." भाऊजी म्हणाले, सकाळी दाखवू. रात्री साडेनऊला मी यांना गाडी काढायला लावली.

डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून पेनचं लाल टोपण दाखवलं. पोरगं म्हणालं, हा लाल, हा मळका लाल. रंग मळका दिसणं म्हणजे नजरेच्या नसेवर दाब येत असल्याची खूण, त्याबरोबर सगळ्यांची धावपळ. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. दोन डोळ्यांच्या मधल्या बाजूचे सायनस जन्मापासून असतात, कपाळातला उशिरा तयार होतो. आणि त्या सायनस व डोळ्याच्या खोबणीमधलं हाड कागदाइतकं पातळ. सीटी स्कॅनमध्ये त्या हाडालगत पू दिसला. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, रात्रभर दर थोड्या वेळाने नजर तपासत होते. दुसऱ्या दिवशी नजर आणखी कमी वाटली, तेव्हा नाकातून दुर्बीण घालून पू काढला. बाहेरून एक टाका नाही. नऊ दिवस वॉर्डात होतो. नजर परत आली.

तरी भाऊजी आजही लग्नाकार्यात सांगतात, "गोळ्यांनीच उतरलं असतं, सीटीचं रेडिएशन फुकट." भाऊजी, पुवाचा दाब नजरेच्या नसेवर आला की नजर कायमची जाऊ शकते, इन्फेक्शन मेंदूपर्यंत पोचू शकतं. अशा वेळी एक सीटी महाग नाही पडत.

आता, प्रत्येक सूज अशी नसते हेही खरं. नुसती पापणी सुजली असेल, डोळा सगळीकडे फिरत असेल, नीट दिसत असेल, तर गोळ्यांवरही भागतं. पू दिसला म्हणजे ऑपरेशनच असंही नाही, लहान मुलांत छोटा पू औषधांनी जिरतो. पण ते ठरवणार पापणी उघडून आत बघणारा माणूस, काउंटरपलीकडचा नव्हे. नेत्रतज्ज्ञ आणि कान-नाक-घसावाले दोघं एकाच ठिकाणी असतील, सीटी असेल, अशा दवाखान्यात आजच न्या. थेंबांची बाटली सोबत घ्या, काय घातलं ते विचारतात.

पुन्हा होतं का, म्हणाल तर आमच्याकडे सात वर्षांत झालेलं नाही. सर्दी दहा दिवसांच्या पुढे गेली की मी सरळ बालरोगतज्ज्ञांकडे नेते, घरात कुणाला विचारत नाही.