सोसायटीच्या आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याने नदी खरंच खराब होते का?

तुम्ही विचारलंय, पाऊस तर स्वच्छ असतो, मग पुण्यातल्या बावधनमधल्या आमच्या आवारातलं पाणी ओढ्याला गेलं तर बिघडतं कुठे? मी सोसायट्यांच्या ड्रेनेजची कामं करतो, त्यामुळे हा प्रश्न जनरल बॉडी मीटिंगमध्ये बऱ्याचदा ऐकलाय.

हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. गच्ची आणि पार्किंग मिळून 1000 चौरस मीटर धरलं, तर 10 मिलिमीटरच्या एका सरीत 10,000 लिटर, म्हणजे एक टँकरच. मोकळी माती असती तर त्यातलं बरंचसं मुरलं असतं. काँक्रीटवरून जवळजवळ सगळंच वाहतं, आणि वाटेत मिळेल ते सोबत घेतं. गाड्यांखाली ठिबकलेलं तेल, ब्रेक झिजून पडलेली तांब्याची भुकटी, टायरची धूळ, कुत्र्यांची घाण, लॉनवर टाकलेला युरिया. आठ महिने साठलेला हा ऐवज जूनच्या पहिल्या एक-दोन सरींत निघतो. त्या वेळी नदीत मुळात पाणी कमी असतं. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. खतांमधला नत्र आणि फॉस्फरस जलपर्णीच्या पथ्यावर पडतो. पाषाण तलाव कधीतरी जाऊन बघा.

पण माझ्या मते खरं दुखणं वेगळंच आहे. बहुतेकांना वाटतं की जाळीत गेलेलं पाणी पुढे कुठेतरी शुद्ध होतं. तसं नाही. ड्रेनेजची लाइन मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाळी लाइन थेट ओढ्यात. मध्ये काहीही नाही. आणि या पावसाळी लाइनला कोणी वॉशिंग मशीनचा पाइप जोडलेला असतो, कोणी सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो. तपासायचं असेल तर फेब्रुवारीत चेंबरचं झाकण उघडा. पाऊस नसताना पाणी वाहतंय, तर ते पावसाचं नाही! मग एकेका विंगच्या बाथरूममध्ये रंग टाकून पाणी सोडायचं, चोर सापडतो.

उलटही होतं. पार्किंग तुंबलं की वॉचमन ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उचलतो आणि पावसाचं पाणी त्यात सोडतो. तेवढं पाणी पेलायची त्या लाइनची कुवत नसते. मग पुढे उताराला कुणाच्या तरी दारात मैला वर येतो. हे कृपया करू नका.

तुमच्या भागातलं पाणी रामनदीतून पाषाण तलावाकडे, पुढे मुळेत, मग मुळा-मुठेतून भीमेत आणि शेवटी उजनीत जातं. पुण्याचं पिण्याचं पाणी मुख्यत्वे वरून, खडकवासल्याकडून येतं, म्हणून आपल्याला झळ बसत नाही. सोलापूरकर उजनीचं पितात.

काय करता येईल? पहिलं म्हणजे मे महिन्यात पार्किंग झाडून कचरा उचलायचा. पाइपने धुवायचं नाही. धुतलं की तीच घाण महिनाभर आधी ओढ्यात जाते. गच्चीचं पाणी बोअरला सोडणार असाल तर पहिल्या सरींचं पाणी बाजूला काढणारा व्हॉल्व्ह आणि फिल्टर हवाच. पार्किंगचं पाणी मात्र बोअरमध्ये अजिबात सोडू नका, कंत्राटदार कितीही म्हणाला तरी. आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे. पाणी भेगांमधून जातं, गाळलं जात नाही, आणि तुमचं तेल शेजारच्या सोसायटीच्या बोअरला लागू शकतं. ते पाणी कडेच्या मातीत वळवा. कंपाउंडलगतचे पेव्हर ब्लॉक काढून दोन-तीन फूट रुंदीचा खोलगट पट्टा केला, त्यात खडी-वाळू घालून कर्दळ लावली, तरी बराच गाळ आणि तेल तिथेच अडतं. दरवर्षी वरचा थर खरवडून काढावा लागतो, आणि त्यासाठी माळ्याचे पैसे कोणी द्यायचे हे मीटिंगमध्ये आधीच ठरवून घ्या.