कॅल्शियमची गोळी सुरू करताय? आधी डबीचं लेबल वाचा

अहो, डबीवर १२५० मिलिग्रॅमचा आकडा बघून घाबरू नका, ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन आहे, त्यात खरं कॅल्शियम ४० टक्के म्हणजे ५०० मिलिग्रॅमच असतं. मीपण सुरुवातीला हाच घोळ घातला होता. आणि एका वेळी ५०० च्या वर घेऊन फारसा फायदा नाही, शरीर तेवढं शोषतच नाही, म्हणून दिवसभरात विभागून घ्या, कार्बोनेट असेल तर जेवणासोबतच कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं, कॅल्शियम सायट्रेट (गोळीचा दुसरा प्रकार) असेल तर उपाशीपोटीही चालतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र गिळू नका, थायरॉइडची असेल तर निदान ४ तासांचं अंतर ठेवा.

पालकाच्या भाजीवर मात्र भरवसा नको हं, कॅल्शियम भरपूर पण त्यातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, अंगी लागतं जेमतेम ५ टक्के. हाडांना लागणारा फॉस्फरस सहसा जेवणातूनच मिळतो, त्याची चिंता सोडा. मॅग्नेशियमकडे कोणी बघतच नाही, खरं तर शरीरातलं निम्म्याहून जास्त हाडांतच असतं, दाणे-बिया, डाळी खात जा. मीठ जरा कमी करा, जास्त मिठाने कॅल्शियम लघवीवाटे जातं. मुतखडा झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नकोच.