अँजिओप्लास्टीनंतर लसूण-लिंबाचा काढा द्यावा का?

वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ब्लॉकेज निघावेत म्हणून त्यांना लसूण, लिंबू, आलं, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि मधाचा काढा कोणत्या प्रमाणात द्यावा, असं तुम्ही विचारलंय. प्रमाण तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलंच असणार. चारही रस एकेक वाटी, आटवून तीन वाट्या, गार झाल्यावर तीन वाट्या मध. मी वेगळंच विचारते. वडील गोळ्या गिळतात की नाही, हे कोण बघतं?

आमच्या सासऱ्यांना, आण्णांना, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. मग मोठ्या नणंदबाई काढा करायला आल्या. दुपारभर लसूण सोलला, व्हिनेगर उकळायला लागल्यावर घरभर सगळ्यांचे डोळे चुरचुरले, आणि बरणी फ्रिजच्या दारात जाऊन बसली. रोज उपाशीपोटी एक चमचा. इथपर्यंत माझी काहीच हरकत नव्हती. पण जाताना त्या आण्णांना सांगून गेल्या, "आता ह्या केमिकलच्या गोळ्या हळूहळू बंद करा." आण्णांनी लगेचच केल्या. गोळी हातात घ्यायचे आणि आमची पाठ वळली की चष्म्याच्या डबीत टाकायचे. एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, जबडा दुखायला लागला. निघताना त्यांचा चष्मा घ्यायला डबी उघडली, तर आत गोळ्याच गोळ्या. स्टेंटमध्येच गुठळी झाली होती. वेळेत पोचलो म्हणून आण्णा वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. जिना चढताना अजून मध्येच थांबावं लागतं.

नणंदबाई आजही म्हणतात, "लसणाने कधी कुणाचं वाईट झालंय का?" लसणाने नाही झालं, ताई. गोळ्या सुटल्या म्हणून झालं, आणि त्या तुमच्या काढ्याच्या भरवशावर सुटल्या. 'नैसर्गिक' म्हटलं की माणसं डॉक्टरांचं ऐकणं सोडतात, माझा राग त्यावर आहे.

काढ्याने ब्लॉकेज निघत नाहीत. ते काही नळात साचलेले क्षार नाहीत की लिंबाने विरघळतील. ती चरबी रक्तवाहिनीच्या अस्तराखाली, भिंतीतच साठलेली असते, आणि कितीही आंबट प्यायलं तरी शरीर रक्ताला आंबट होऊ देत नाही. लसूण ठेचल्यावर जे अ‍ॅलिसिन, म्हणजे त्याचं गुणकारी मानलं जाणारं द्रव्य, तयार होतं, ते काढा आटवताना बरंचसं निघून जातं. लसूण द्यायचाच तर पाकळी ठेचून दहा मिनिटं ठेवा आणि जेवणात द्या. कोलेस्टेरॉल, बीपी थोडं उतरू शकतं, त्यापलीकडे आशा धरू नका.

एक राहिलंच. कच्चा लसूणही रक्त थोडं पातळ करतो. त्यामुळे ह्या गोळ्या चालू असताना रोज द्यायचा तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि दात काढायचा किंवा ऑपरेशन असेल तर तेही सांगून ठेवा. वडिलांना शुगर असेल तर हा काढा नकोच, अर्धी बरणी नुसता मध असतो. शिवाय उपाशीपोटी काढा घशाशी येतो. छातीत जळजळलं की "काढ्याची अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून घरी थांबू नका, आधी ईसीजी काढून घ्या.