वाचकांचे प्रश्न : सेनापतीच्या लांब कोटाची बेतणी

प्रश्न : मी एका अद्भुतरम्य कथेतील सेनापतीचा पोशाख शिवत आहे. पात्र माझ्याच कल्पनेतले आहे, मात्र त्याचा कोट मी व्हिक्टोरियन काळातील फ्रॉक कोटावरून योजला आहे : छाती-कमरेवर नेमका बसणारा, कमरेखाली घेरदार आणि गुडघ्यापर्यंत लांब. ओव्हरकोटचा साधा कागदी नमुना घेऊन मी कमरेत टक्स (कापड आत घेणाऱ्या निमुळत्या शिवणी) घातले, तरी कोट अंगावर लोंबतो आणि त्याला त्या काळाचे रूप येत नाही. भरतकाम वाढवल्याने फरक पडेल का?

उत्तर : भरतकामाने फरक पडणार नाही, कारण उणीव बेतण्यातच आहे. ओव्हरकोट खांद्यावरून सरळ खाली उतरतो, तर फ्रॉक कोट कमरेला धरून उभा राहतो. त्याचे पुढचे भाग आणि बाजूचे अरुंद तुकडे कमरेपाशी संपतात व तेथे आडव्या शिवणीने खालचा घेर जोडलेला असतो. पाठीचे दोन मधले तुकडे मात्र मानेपासून खालच्या दुमडीपर्यंत अखंड असतात, त्यांना कमरेत आडवी शिवण नसते. मुंड्यापासून (बाही जोडली जाते त्या कापापासून) कमरेकडे वळत येणाऱ्या दोन बाकदार शिवणी पाठ अरुंद दाखवतात, त्या जेथे संपतात तेथे दोन बटणे बसतात आणि तेथूनच घेराच्या चुण्या सुटतात. टक्स घालून ही रचना साधता येत नाही, म्हणून नमुना नव्याने काढावा किंवा फ्रॉक कोटाचाच नमुना मिळवावा, असा माझा आग्रह आहे.

आणखी दोन ठिकाणी लक्ष द्यावे. खांद्याची शिवण आजच्यासारखी खांद्याच्या माथ्यावर न ठेवता ती पाठीकडे तिरकी उतरू द्यावी. मुंडा लहान आणि काखेत उंच ठेवावा. मोठा मुंडा सोयीचा ठरेल असे नवख्याला वाटते, पण हात वर करताच सगळा कोट वर ओढला जातो तो त्या सैल मुंड्यामुळेच, आणि आपल्या सेनापतीला तलवार उपसायची असेल तर ही गोष्ट फारच महत्त्वाची आहे. बाही दोन तुकड्यांची आणि कोपरात किंचित वाकलेली असावी.

मूळ कापडाला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा कच्चा कोट अवश्य शिवावा, बाजूच्या शिवणींत भरपूर माया (शिवणीबाहेरचे जास्तीचे कापड) सोडावी आणि तो आतल्या कपड्यांसह अंगावर चढवून पाहावा. पात्र आत वेस्टकोट किंवा कॉर्सेट घालणार असेल तर मापे त्यावरूनच घ्यावीत. कच्चा कोट घालून बसावे, वाकावे, हात पसरावेत. जेथे आडव्या सुरकुत्या पडतात तेथे कापड तंग आहे आणि जेथे उभ्या घड्या पडतात तेथे ते जास्त आहे, असे सर्वसाधारणपणे समजावे.

कापडाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. त्या काळचे शिंपी कोटाला आकार केवळ शिवणींतून देत नसत. लोकरी कापड वाफेच्या इस्त्रीखाली कोठे आकसवून तर कोठे ताणून ते छातीचा उभार आणि कमरेचा बाक घडवीत. पॉलिस्टर ही वागणूक स्वीकारत नाही. शुद्ध लोकर परवडत नसेल तर लोकरीचे प्रमाण अधिक असलेले मिश्र कापड निवडावे, आणि तेही शक्य नसेल तर सगळा आकार शिवणींतच आणावा लागेल, हे गृहीत धरून एखादी शिवण वाढवावी. आत घोड्याच्या केसांचे कॅनव्हास घालावे. ते छातीवर आणि लॅपलवर (कोटाच्या पुढच्या, बाहेर वळणाऱ्या कडेवर) बारीक तिरक्या टाक्यांनी बसवताना सुई वरच्या कापडाचा एखाददुसरा धागाच उचलेल इतकी हलकी चालवावी, आणि लॅपल बोटांवर वळवून धरूनच टाके घालावेत, म्हणजे तो वळण लक्षात ठेवतो. हे काम वेळखाऊ आहे, परंतु चिकटवायच्या अस्तराने तो जिवंतपणा येत नाही असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्या जादूगारणीच्या कोटाची कॉलर कानांपर्यंत उंच आणि बाहेर उमललेली हवी आहे. जाड बकरम (आत घालायचे कडक कापड) घालूनही ती मागे कोसळते.

उत्तर : बकरमची जाडी वाढवत गेल्याने कॉलर कडक होईल, पण तिचा कल बदलणार नाही. कॉलरची पट्टी गळ्याच्या कडेपेक्षा वरच्या कडेला आखूड असेल तर ती मानेला बिलगते, आणि वरची कड लांब असेल तर ती बाहेर उमलते. म्हणून कागदावर पट्टीला वरून चिरा देऊन, गळ्याची लांबी तशीच ठेवून, वरची कड हवी तेवढी उघडावी. कॅनव्हासचे दोन थर एकमेकांना तिरके ठेवून टाचावेत आणि वरच्या कडेच्या शिवणीत पातळ तार किंवा कॉर्सेटची लवचीक पट्टी सरकवावी. एवढे करूनही कॉलर मागे झुकत असेल तर कारण गळ्यात शोधावे : पाठीचा गळा खोल कापला गेला असल्यास किंवा त्याला आतून आधार नसल्यास कोणतीही उंच कॉलर ओझ्याने मागे जाते. खांद्यापर्यंत पोहोचणारा कॅनव्हासचा एक तुकडा गळ्याखाली द्यावा.

प्रश्न : व्हिक्टोरियन म्हणजे काळे कपडे, असे मला अनेकांनी सांगितले. माझ्या पात्राचा रंग गडद जांभळा आहे. तो विसंगत दिसेल का? रुपेरी नक्षी कधी करावी?

उत्तर : रंग निःशंकपणे ठेवावा. विल्यम पर्किन यांना 1856 मध्ये योगायोगाने सापडलेला पहिला कृत्रिम रंग जांभळाच होता आणि त्यानंतर स्त्रियांच्या पोशाखात झगझगीत रंगांची लाटच आली. काळ्याची प्रतिमा पुरुषांच्या औपचारिक पोशाखामुळे, तसेच 1861 मध्ये पती अल्बर्ट यांच्या निधनानंतर राणी व्हिक्टोरिया यांनी अखेरपर्यंत पाळलेल्या शोकवेषामुळे ठळक झाली.

नक्षी कच्च्या कोटाची मापे पक्की झाल्यानंतर, परंतु तुकडे जोडण्यापूर्वी करावी. जे भाग शिवणीवरून पलीकडे जातात तेवढे शेवटी हाताने पूर्ण करावेत. रुपेरी फीत पाठीच्या त्या बाकदार शिवणींवरून नेल्यास बेत उठून दिसेल. तीच फीत कोठेही आडवी ठेवली तर कमर रुंद भासेल.

प्रश्न : काळाशी प्रामाणिक राहण्यासाठी सगळे हातानेच शिवावे का?

उत्तर : तशी गरज नाही, कारण शिलाई यंत्र व्हिक्टोरियन काळातच आले होते. एलियास होव यांचे शिलाई यंत्राचे पेटंट 1846 चे आणि आयझॅक सिंगर यांचे 1851 चे आहे. लांब शिवणी यंत्रावर घ्याव्यात. लॅपल, काज आणि अस्तराची कड हाताने करावी. अस्तराला पाठीच्या मध्यावर एक सैल चुणी ठेवण्यास विसरू नये, अन्यथा हात पुढे नेताच ते मुंड्यापाशी उसवते.