साहेब म्हणतात "सिस्टीमनेच कापलं", मग जाब कोणाला विचारायचा?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात चेहरा दाखवून हजेरी आणि ईआरपी (हजेरी, पगार, उत्पादन सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सुरू झाल्यापासून पगार कापला गेला की सुपरवायझर म्हणतो, "सिस्टीमनेच कापलं, माझ्या हातात काही नाही." हे खरं असतं का, आणि अशा सिस्टीममुळे साहेब लोकांची ताकद वाढते का?

सुपरवायझर अर्धं खरं बोलतोय. मस्टर, म्हणजे हजेरीची वही, त्याच्याकडे होतं तेव्हा एरंडोल-धरणगावकडची एसटी उशिरा आली तर तो पूर्ण हजेरी मांडू शकत होता. आता ती मुभा त्याच्याकडे राहिली नाही. ती गेली शिफ्टचे नियम भरणाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी एचआरकडे किंवा हेड ऑफिसकडे. पण 'ग्रेस (उशिराची सूट) १० मिनिटं', 'तीन उशिरांना अर्धा दिवस' हे यंत्राने ठरवलेलं नसतं. कोणीतरी ते स्क्रीनवर भरलंय आणि कोणीतरी त्याला मंजुरी दिलीय. जाब त्यालाच विचारायचा.

आता कामाची गोष्ट. हजेरीच्या दोन नोंदी असतात. एक कच्चा पंच, म्हणजे मशीनवर हजेरी लावताच पडणारी नोंद: तारीख, वेळ, मशीन नंबर. दुसरी, त्यावर नियम चालवून तयार झालेली हजेरी, आणि पगार हिच्यावरून निघतो. भांडण जवळजवळ नेहमी या दोन्हींच्या मध्ये असतं. रात्रपाळी बारानंतर दुसऱ्या तारखेत जाते. शिफ्ट नीट बांधलेली नसेल तर आत आल्याचा पंच एका दिवशी, बाहेर गेल्याचा दुसऱ्या दिवशी पडतो आणि दोन्ही दिवस 'मिसपंच' (एक पंच राहिलेला) दिसतात. शिफ्ट बदलून दिली पण रोस्टर (कोणाची कोणती पाळी याचा तक्ता) बदललं नाही, तरी तसंच. मशीनचं घड्याळ सर्व्हरशी न जुळता पुढे गेलेलं असेल तर सगळ्या पाळीलाच रोज चार-पाच मिनिटं उशीर लागतो. म्हणून पंच करताना मशीनवरची वेळ मोबाइलशी ताडून बघा. ओव्हरटाइममध्ये तर जास्तीचे तास मोजले जातात, पण वरिष्ठाने मंजुरीचं बटण दाबलं नाही तर पगारात येत नाहीत. इथे सुपरवायझरच्या हातात पुरेपूर ताकद असते. दालमिल किंवा जिनिंगमध्ये बोटाचं मशीन असेल तर हमालांचे ठसे झिजलेले असतात. तिथे दोन-तीन बोटं नोंदवून घ्यावीत आणि सोबत कार्डाची सोय मागावी.

हजेरीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती लाइन बंद पडल्याच्या 'कारण कोड'ची. एक्सट्रूडर (पाइप काढणारं मशीन) थांबला की यादीतून कारण निवडायचं असतं. यादीत लाइट गेली, माल आला नाही, डाय (पाइपचा साचा) बदलली, चिलरचं (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं) पाणी गरम झालं हे पर्याय नसतील, तर ऑपरेटरला 'इतर' निवडावं लागतं आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये तो वेळ त्याच्या नावावर दिसतो. जळगावच्या मे महिन्यात याने माणसाचं रेकॉर्ड विनाकारण खराब होतं. यादी बनवताना ऑपरेटर बसलेच पाहिजेत. ते होत नसेल तर शेरा लिहायची मोकळी जागा आणि लिहिलेलं नंतर दुसऱ्याला बदलता न येणं, एवढं तरी मागा.

बदल कोणी केला हे 'एडिट लॉग'मध्ये राहतं, फक्त तो चालू हवा आणि प्रत्येकाचा लॉगिन वेगळा हवा. एकच पासवर्ड चार सुपरवायझर वापरत असतील तर लॉगचा उपयोग शून्य. कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा लॉग १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, पण तो नियम हिशोबाच्या पुस्तकांसाठी आहे. हजेरीसाठी तुम्हाला तो मागून घ्यावा लागेल.

कायदा इथे तुमच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. वेतन संहिता २०१९ (लागू २१ नोव्हेंबर २०२५) च्या कलम २० नुसार गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. समजा पगार १५,६०० रुपये, २६ दिवस, रोज ८ तास. तासाला ७५ रुपये पडतात. १२ मिनिटं उशिराचे होतात १५ रुपये. सिस्टीम अर्धा दिवस म्हणून ३०० कापत असेल तर ते या प्रमाणात बसत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे इथे तासाला किमान १५०.

म्हणून एचआरला लेखी अर्ज द्या: त्या महिन्याचे कच्चे पंच, लागू केलेला नियम आणि बदलांची नोंद. तारखा नेमक्या लिहा, पोच घ्या. एकट्याने देण्यापेक्षा एकाच पाळीच्या पाच-सहा जणांनी दिला तर रोस्टरची चूक लगेच उघडी पडते. पंच केल्यावर मेसेज येण्याची सोय असेल तर ती सुरू करून घ्या. पीएफमध्ये हेच झालंय: यूएएन (पीएफचा कायमचा खाते नंबर) टाकून पासबुक बघता येतं, त्यामुळे मालकाने महिन्याचा भरणा केला की नाही हे विचारायला कोणाच्या केबिनमध्ये जावं लागत नाही. हजेरीतही कामगाराला स्वतःचा पंच दिसला की सुपरवायझरशी बोलणं बरोबरीचं होतं.

वेतन चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक आहे, कागदावर असो वा मोबाइलवर. त्या जपून ठेवा, कारण दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो, आणि पगार कमी दिल्याचा दावा झाला तर तो पूर्ण दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते.