जुन्या इंग्लिश ‘इन’ला गुत्ता म्हणावं का?

प्रश्न असा आहे: लंडनच्या ‘जॉर्ज इन’वरच्या (उतारूंच्या मुक्कामाची आणि खाण्यापिण्याची जुनी जागा) लेखाचा अनुवाद करताना ‘ऐतिहासिक गुत्ता’ लिहिलं तर चालेल का? आणि तिथल्या ‘गॅलरी’ला काय म्हणावं?

गुत्ता नको. मुळात गुत्ता म्हणजे मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारूविक्रीचा मक्ता दिला जाई, त्यातून तो शब्द दुकानाला चिकटला. आता गुत्ता म्हटलं की कळकट बाकडी आणि हातभट्टीचा वास आठवतो. जॉर्ज इनवर तो अन्याय होईल.

लंडनच्या सदर्क भागातली ही वास्तू १६७६ च्या आगीत जळाली आणि १६७७ मध्ये पुन्हा उभी राहिली. घोडागाड्या कमानीतून आत येत, चौकात घोडे सुटत, उतारू वरच्या खोल्यांत मुक्काम करत. मधे चौक, भोवती खोल्या, जनावरांची सोय: याला आपल्याकडे सराई म्हणतात. अजिंठ्याजवळ फर्दापूरला मुघलकाळातली सराई आहे, तिची मांडणी आठवून पाहा. धर्मशाळा मात्र म्हणू नका. तिथे पुण्य कमावण्याचा भाव येतो, आणि इथे तर पैसे मोजून राहायचं आणि बिअर प्यायची.

‘गॅलरी’ तशीच ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. सज्जा म्हटलं की उभं राहून बाहेर बघायची जागा वाटते. जॉर्ज इनचा फोटो नीट पाहा: चौकाच्या बाजूने मजल्याच्या लांबीभर लाकडी कठडा, मागे चिंचोळी वाट, आणि त्या वाटेवर एकापाठोपाठ एक खोल्यांची दारं. ही तर गिरगावातल्या चाळीची गॅलरी! मराठी वाचकाला हा शब्द कुणी समजावून सांगायची गरजच नाही.

आता तिथे एकच बाजू उरली आहे. बाकीच्या बाजू १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने पाडल्या, हे वाचताना अजूनही जीव हळहळतो. १९३७ पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ‘ग्रेड वन लिस्टेड’साठी ‘पहिल्या श्रेणीची वारसा वास्तू’ लिहा. ‘सूचीबद्ध’ नको, त्याने शेअर बाजार आठवतो.

मुक्कामाचे दिवस सरले, आज तिथे फक्त खाणंपिणं चालतं. तेव्हा आजच्या काळासाठी सरळ ‘पब’. म्हणजे वाक्य असं होईल: ‘लंडनमधली गॅलऱ्यांची ही शेवटची सराई आज पब म्हणून चालते.’