कार्ड उलटून पाहा

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि मोबाइलवर पाठवलेले बारा फोटो मिळाले. आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या खाली, चित्रकार्डांचा आख्खा डबा निघावा ही भाग्याची गोष्ट आहे. पण तू काढलेले सगळे फोटो चित्राच्या बाजूचे आहेत. पत्त्याची बाजू त्यांत एकदाही आलेली नाही. तुला दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण तुझ्या वयाचा असताना मी याहून मोठे पाप केले आहे. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून मी चाळीसेक कार्डे एका जाड वहीत पक्की चिकटवली होती. कित्येक वर्षांनी ती वाफेवर धरून सोडवू लागलो, तेव्हा चित्रे कशीबशी वाचली, पण मागचा मजकूर, तिकिटे आणि शिक्के वहीच्या पानांनाच राहिले. ती गावे मला आजही दिसतात. तिथून कोणी, कोणाला, कधी आणि काय लिहिले होते, ते मात्र कायमचे गेले.

कार्डे कशी लावावीत, देशाप्रमाणे की गावाप्रमाणे, असे तू विचारले आहेस. माझे म्हणणे असे, की आधी लावूच नयेत. डब्यात ज्या क्रमाने होती तो क्रम कागदावर उतरवून घे, कार्डावर पेन्सिलीनेही काही न लिहिता प्रत्येकाच्या वेष्टनावर क्रमांक दे, आणि मग एकच शहर निवड. तुझ्याकडे लंडन आहे, एडन आहे, कोलंबो आहे आणि त्यांचा मोह पडणे साहजिक आहे. तरी तू मुंबईच घ्यावीस असे मला वाटते, कारण कार्डातल्या जागेवर प्रत्यक्ष जाऊन उभे राहता आले नाही, तर अर्धे कार्ड वाचायचेच राहते.

थोडी पूर्वपीठिका सांगतो. पोस्टकार्ड जगात प्रथम निघाले ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, 1 ऑक्टोबर 1869 रोजी. आपल्याकडे ते 1 जुलै 1879 रोजी आले आणि त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. ते साधे, बिनचित्राचे कार्ड होते. चित्रकार्डांचे खरे वेड विसाव्या शतकाच्या आरंभी पसरले. तोवर टपालाच्या नियमानुसार एक बाजू निव्वळ पत्त्यासाठी राखलेली असे, त्यामुळे चार शब्द लिहायचे तर ते चित्राच्या कडेला, आभाळात किंवा समुद्रात कोंबून लिहावे लागत. ब्रिटनने 1902 मध्ये पत्त्याच्या बाजूवर मधोमध रेघ ओढून अर्धी जागा मजकुराला दिली. फ्रान्सने 1904 मध्ये, जर्मनीने 1905 मध्ये आणि अमेरिकेने 1907 मध्ये तेच केले. म्हणून मागे रेघ आहे की नाही, हे मी सर्वांत आधी पाहतो, आणि म्हणूनच तुझ्या फोटोंनी माझा हिरमोड झाला.

आता चित्राकडे येऊ. प्रत्येक कार्डाला दोन वये असतात: एक फोटो काढल्याचे आणि दुसरे कार्ड टपालात पडल्याचे. शिक्क्यावरची तारीख दुसरे वय सांगते, पहिले सांगत नाही, कारण प्रकाशक फोटोची एकच काचेची निगेटिव्ह वर्षानुवर्षे वापरत असत आणि दुकानात पडून राहिलेला माल पुढे कधीही विकला जाई. पहिले वय चित्रातूनच काढावे लागते, आणि त्यासाठी चित्रात काय आहे यापेक्षा काय नाही ते शोधण्याची सवय लावून घ्यावी लागते.

तुझे तिसरे कार्ड घे. अपोलो बंदर, समोर पाणी, मागे ताजमहाल हॉटेलचा घुमट. ताज डिसेंबर 1903 मध्ये सुरू झाले, तेव्हा फोटो त्याच्या फार आधीचा असू शकत नाही. पण गेटवे ऑफ इंडिया कुठे आहे? त्याची पायाभरणी 31 मार्च 1911 रोजी झाली, जॉर्ज विटेट यांचा आराखडा 1914 मध्ये मंजूर झाला, मग समुद्रात भर घालून जागा तयार करावी लागली, आणि कमानीचे उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी झाले. आज आपल्याला ताज आणि गेटवे जुळ्या भावंडांसारखे वाटतात, पण मधली वीस वर्षे ताज एकटेच समुद्राकडे पाहत उभे होते. तुझे कार्ड त्या वीस वर्षांतले आहे. मागे सातव्या एडवर्डचे तिकीट निघाले तर हा काळ आणखी आखडता येईल, कारण 1911 नंतर पंचम जॉर्जची तिकिटे आली. तिकिटावरचा राजा हे आम्हा संग्राहकांचे सर्वांत स्वस्त घड्याळ आहे.

राजाबाई टॉवरवरून पश्चिमेकडे घेतलेले दृश्य तुझ्या डब्यात आहे, आणि माझ्या मते तुझ्या सगळ्या कार्डांत तेच सर्वांत मोलाचे आहे, जरी बाजारात त्याला फारसा भाव येणार नाही. हा टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, त्यांच्या आईचे नाव त्याला मिळाले आणि 1878 मध्ये तो पुरा झाला. त्याचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. पण कार्डात टॉवर दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्याच माथ्यावर आहे. खाली ओव्हलचे मैदान, त्यापलीकडे बी. बी. अँड सी. आय. म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे रूळ आणि रुळांना लागून थेट बॅकबेचा समुद्र. मैदानाच्या पश्चिम कडेला आज ज्या गोलाकार गच्च्यांच्या इमारती आहेत त्या नाहीत आणि मरीन ड्राइव्हही नाही. ती सगळी जमीन नंतर समुद्र हटवून काढलेली आणि त्या इमारती 1930 च्या दशकातल्या. मैदानाच्या पूर्वेची गॉथिक रांग आणि पश्चिमेची आर्ट डेको रांग यांना 2018 मध्ये एकत्रितपणे जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तुझ्या कार्डात त्या वारशाची एकच बाजू अस्तित्वात आहे. टॉवरवर आता सामान्य माणसाला चढू देत नाहीत, तरी त्या कार्डाची झेरॉक्स घेऊन रविवारी सकाळी ओव्हलवर जा आणि विद्यापीठाकडे पाठ करून उभी राहा. क्रिकेटचे चेंडू चुकवत उभे राहावे लागेल, पण चर्चगेटच्या गाड्या समुद्रकाठाने जात असत ही गोष्ट तिथे उभे राहिल्यावर जितकी पटते तितकी कुठल्याही नकाशाने पटत नाही.

बोरीबंदरच्या कार्डात भिंग धरून मोठ्या घड्याळाच्या खाली पाहा. त्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा दिसेल; आज कोनाडा रिकामा आहे. काळा घोडा तर तुला नावानेच ठाऊक असणार. कार्डात घोड्यावर बसलेला जो स्वार आहे तो प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. तो पुतळा 1965 मध्ये तिथून हलवला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. चौकात 2017 पासून नवा घोडा आहे, पण त्याच्यावर स्वार नाही. पुतळा गेल्यावर अर्धशतकभर घोड्याशिवायच त्या जागेला ‘काळा घोडा’ म्हणत राहणाऱ्या मुंबईकरांचे मला कौतुक वाटते.

एका बाबतीत सावध करतो. रंगांवर विश्वास ठेवू नकोस. त्या काळातली बरीच कार्डे जर्मनीत छापली जात आणि काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग चढवणाऱ्या कारागिरांनी मुंबई पाहिलेली नसे. त्यामुळे आपल्या काळ्या बेसॉल्टच्या भिंती गुलाबी होतात आणि जूनमधले आभाळ युरोपातल्या उन्हाळ्यासारखे निळे होते. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील कार्ड. सलग करडी छटा आणि गडद भागावर चांदीसारखी चमक दिसली तर तो खरा फोटो, आणि तो अधिक जपावा.

रंगापेक्षा मोठी फसवणूक निवडीत आहे. ही कार्डे मुख्यतः बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबासाठी काढलेली होती. म्हणून किल्ल्यातल्या, म्हणजे फोर्ट भागातल्या इमारतींची, हॉटेलांची, मलबार हिलवरून दिसणाऱ्या चौपाटीची कार्डे ढिगांनी मिळतात, आणि ज्या गिरणगावाने हे शहर पोसले त्याची मात्र शोधून शोधून सापडतात. माझ्या एवढ्या वर्षांच्या संग्रहात गिरणीचे धुराडे स्पष्ट दिसणारे कार्ड एकच आहे. भुलेश्वर-काळबादेवीकडच्या वस्तीवर ‘नेटिव्ह टाउन’ किंवा ‘नेटिव्ह स्ट्रीट’ असा सरसकट मथळा असतो, रस्त्याचे नावही नसते. अशा कार्डांना नाव मिळवून देणे हे तुझ्यासारख्यांचे काम आहे: देवळाचा कळस, दुकानाची पाटी, गॅलरीच्या कठड्याची नक्षी धरून हिंडावे, तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारांना विचारावे. कोल्हापूरचे चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांनीही मुंबईच्या माणसांची चित्रे कार्डांसाठी काढली होती. गिऱ्हाईक तेच असले तरी त्यांतल्या लुगड्याचा काष्टा चुकत नाही, हा फरक तू स्वतः पाहशील.

खंडाळ्याचे एक कार्ड आहे त्याबद्दलही लिहितो, कारण तू त्यावर ‘कुठले तरी स्टेशन’ असे लिहिले आहेस. ते रिव्हर्सिंग स्टेशन आहे. बोरघाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली तेव्हा चढ इतका तीव्र होता आणि वळायला जागा इतकी कमी होती, की गाडी डोंगराच्या एका टोकाला जाऊन थांबे, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन संपले. मागे जो टोकदार कडा दिसतो आहे ती नागफणी.

मागच्या बाजूंविषयी, त्या मला दिसल्या नसल्या तरी, दोन गोष्टी सांगून ठेवतो. विलायतेला गेलेल्या एखाद्या कार्डावर ‘सी पोस्ट ऑफिस’ असा शिक्का सापडला तर हरखून जा, कारण ते टपाल मुंबई आणि एडनच्या दरम्यान बोटीवरच वर्गवारी होऊन पुढे गेलेले असते. आणि आजोबांच्या वडिलांना आलेली कार्डे तुला ‘गिचमिड’ वाटली तर ती फेकू नकोस. ती लिपी बहुधा मोडी असेल. मोडीचे वर्ग आजही चालतात आणि दोन-तीन महिन्यांच्या मेहनतीत घरगुती पत्र अडखळत वाचण्याइतकी ती येते. ‘पाऊस फार, तांदूळ पाठवले ते पोचले का’ एवढाच मजकूर निघेल, पण तो तुझ्या घरचा असेल.

जपणुकीचे थोडक्यात. लॅमिनेशन अजिबात नको. साधे प्लास्टिकचे अल्बम काही वर्षांत कार्डाला चिकटतात, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची वेष्टने घे. आपल्या पावसाळ्यात दमट हवा आणि कसर हे दोन शत्रू. जून ते सप्टेंबर डबा बंद ठेवावा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दिवाळीच्या सफाईला सावलीत वारा द्यावा.

विकत घेण्याची घाई करू नकोस. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाशील तेव्हा पहिल्या दोन-तीन खेपांना पैसे न नेता जा आणि नुसती कार्डे उलटून पाहा. नवी कार्डे हवी असतील तर पोस्टक्रॉसिंग आहे: 2005 मध्ये पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्याने ते सुरू केले; तुम्ही अनोळखी माणसाला कार्ड पाठवायचे, ते पोचले की जगातल्या तिसऱ्याच कोणाकडून तुम्हाला कार्ड येते. माझ्याकडे फिनलंडमधल्या अशा गावांची कार्डे आली आहेत की ज्यांची नावे मला अजून नीट उच्चारता येत नाहीत. पण तिकडे वळण्याआधी डबा संपव.

एक काम लगेच कर. तुझ्या नवव्या फोटोत काळबादेवी रस्ता आहे आणि मध्ये ट्राम. मुंबईत ट्राम 1874 मध्ये घोड्यांवर सुरू झाली आणि मे 1907 पासून विजेची ट्राम आली. फोटोत ट्रामच्या पुढच्या भागावर एका बैलगाडीची आड आली आहे, त्यामुळे घोडे आहेत की नाहीत ते मला कळत नाही. वर तार आहे का ते भिंगाने पाहा. कार्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ मला दिसते आहे, पण ती तार आहे की कार्डाला पडलेली चीर, ते तुझ्या हातात कार्ड असल्याने तुलाच ठरवता येईल. तिरप्या उजेडात धर, आणि जे दिसेल ते कळव. मागच्या बाजूच्या फोटोसह.

तुझा शुभचिंतक